अंदाज नको, मोजमाप हवं : रूझवेल्ट यांच्या पायांची गोष्ट

फ्रँकलिन रूझवेल्ट. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदावर तब्बल ४ वेळा निवडून आलेले एकमेव नेते. दुसऱ्या महायुद्धात देशाचं नेतृत्व करणाऱ्या या माणसाला वयाच्या ३९ व्या वर्षानंतर आधाराशिवाय चालता आलं नाही, हे मात्र फार कमी लोकांना ठाऊक आहे.

रूझवेल्ट यांचा जन्म ३० जानेवारी १८८२ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड पार्क या गावी झाला. घर सधन, शेतीवाडी मोठी. पोहणं, घोडेस्वारी, नाव चालवणं यात ते पटाईत होते.

ऑगस्ट १९२१ मध्ये ते कुटुंबासह कॅनडातल्या कँपोबेलो बेटावर सुट्टीला गेले होते. एके दिवशी थंड पाण्यात पोहून आले आणि अंगात कणकण भरली. दोन-तीन दिवसांत दोन्ही पाय लुळे पडले. आधी आलेल्या एका डॉक्टरांना वाटलं, मणक्यात रक्ताची गुठळी झाली असावी. त्यांनी जोरात मालिश करायला सांगितलं. घरच्यांनी रात्रंदिवस पाय चोळले. रुग्णाला मात्र त्याचा भयंकर त्रास होत होता.

२५ ऑगस्टला बोस्टनचे डॉ. रॉबर्ट लव्हेट आले. त्यांनी पोलिओचं निदान केलं आणि मालिश ताबडतोब बंद करायला लावलं.

या लव्हेट डॉक्टरांचं काम समजून घेण्यासारखं आहे. अमेरिकेत तेव्हा पोलिओच्या साथी येत होत्या. लहान पोरांचे पाय लुळे पडायचे. पोरगं सुधारतंय की नाही, हे आई-बाप आणि डॉक्टर नुसत्या नजरेनं ठरवायचे. लव्हेट आणि त्यांच्या सहकारी विल्हेल्मिन राईट यांनी एक-एक स्नायू वेगळा तपासायची पद्धत बसवली. स्नायू अजिबात हलत नाही, नुसता फुरफुरतो, पाय आडवा सरकवता येतो, स्वतःचं वजन पेलून वर उचलता येतो, हातानं दाबलं तरी थोडा जोर लावतो आणि पूर्ण ठणठणीत, अशा ६ पायऱ्या केल्या.

तेवढ्यावर ते थांबले नाहीत. १९१५ च्या सुमारास लव्हेट आणि अर्नेस्ट मार्टिन यांनी स्नायूंची ताकद मोजायला चक्क स्प्रिंगचा काटा वापरला. बाजारात हुकाला पिशवी अडकवून माल तोलतात, तसलाच. पायाला पट्टा बांधायचा, काटा ओढायचा आणि रुग्णानं पाय घट्ट धरायचा. पाय ज्या क्षणी सुटेल, तेव्हाचा आकडा वहीत लिहायचा. पुढच्या वेळी पुन्हा मोजायचं. आकडा वाढला तर सुधारणा, घटला तर व्यायाम जास्त होतोय किंवा चुकतोय.

१९२२ साली रूझवेल्ट बोस्टनला गेले. तिथे राईटबाईंनी त्यांना कुबड्यांवर चालायला शिकवलं. तपासणीत चित्र स्पष्ट झालं. हात, खांदे दणकट होते. पोटाचे स्नायू कमजोर आणि पायांचे तर फारच दुबळे. त्यांची जिद्द होती, की घरासमोरचा सुमारे पाव मैलाचा रस्ता कुबड्या घेऊन मोठ्या सडकेपर्यंत पार करायचा. रोज घामाघूम होऊन प्रयत्न करायचे. ते काही शेवटपर्यंत साधलं नाही.

१९२४ मध्ये ते जॉर्जिया राज्यातल्या वॉर्म स्प्रिंग्ज इथल्या कोमट पाण्याच्या झऱ्यावर पोहोचले. पाण्यात शरीराचं वजन हलकं होतं, त्यामुळे जमिनीवर न हलणारा पायही तिथे हलतो. १९२६ मध्ये त्यांनी आपल्या संपत्तीचा मोठा हिस्सा घालून ती जागा विकत घेतली. झऱ्यात चमत्कार आहे, असं सांगून गर्दी जमवणं सोपं होतं. त्यांनी तसं केलं नाही. डॉ. हबार्ड आणि फिजिओथेरपिस्ट हेलेना महोनी यांना बोलावलं. २३ रुग्णांवर नीट लक्ष ठेवून, नोंदी करून अहवाल हाडांच्या डॉक्टरांच्या संघटनेपुढे मांडला गेला. पुढच्याच वर्षी तिथे पोलिओग्रस्तांसाठी कायमची संस्था उभी राहिली.

रूझवेल्ट यांचे पाय परत आले नाहीत. पण काय परत येणार नाही हे कळल्यावर त्यांनी जे शाबूत होतं त्यावर भर दिला. पायांना लोखंडी पट्ट्या, एका हातात काठी, दुसऱ्या हाताला मुलाचा दंड. १९२८ मध्ये ते याच पद्धतीनं सभेच्या व्यासपीठावर गेले. त्याच वर्षी गव्हर्नर आणि १९३२ मध्ये राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले.

१९३८ मध्ये त्यांनी पोलिओविरोधी राष्ट्रीय संस्था काढली. तिच्यासाठी सामान्य लोकांनी सुट्टी नाणी पाठवली. त्याच पैशातून डॉ. साल्क यांच्या लशीचं काम झालं. रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ ला वॉर्म स्प्रिंग्ज इथेच गेले. बरोबर १० वर्षांनी, १२ एप्रिल १९५५ ला लस यशस्वी झाल्याची घोषणा झाली. भारत २७ मार्च २०१४ ला पोलिओमुक्त जाहीर झाला.

पोलिओ गेला, पण लकवा, अपघात, गुडघ्याचं ऑपरेशन हे घरोघरी आहेच. आजही फिजिओथेरपिस्ट स्नायूंची ताकद ० ते ५ अशी मोजतात, सांधा किती अंशात वाकतो ते कोनमापकानं बघतात. महिनाभर व्यायाम करून फरक वाटत नाही म्हणून अनेक जण मध्येच सोडून देतात. सोडण्याआधी पहिल्या दिवसाचा आणि आजचा आकडा विचारून घ्यावा. डोळ्याला न दिसलेली सुधारणा तिथे दिसू शकते. नसेल, तर व्यायाम बदलायची वेळ आली, हेही तिथेच कळतं.