ताराबाई मोडक

ताराबाई मोडक (१९ एप्रिल १८९२ – ३१ ऑगस्ट १९७३) या भारतातील बालशिक्षण चळवळीच्या एक प्रवर्तक, शिक्षणविषयक लेखिका व संपादक होत्या. मुलाच्या वाढीवर घर, परिसर, आहार, स्वच्छता आणि मोठ्यांचे वागणे यांचा परिणाम होतो, हे ओळखून त्यांनी शिक्षणाची पद्धत बदलली. 'अंगणवाडी' ही कल्पना त्यांच्या व त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांच्या कार्यातून पुढे आली.

पूर्वायुष्य

ताराबाईंचा जन्म मुंबईत केळकर घराण्यात झाला. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते होते, त्यामुळे सुधारकी वातावरणात त्या वाढल्या. १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या काळी पदवीपर्यंत शिकणाऱ्या स्त्रियांची संख्या अत्यल्प होती.

अमरावतीतील वास्तव्य

अमरावतीचे वकील कृष्णराव मोडक यांच्याशी विवाह झाल्यावर त्या वऱ्हाडात आल्या. अमरावती हे तेव्हा वऱ्हाड विभागाचे मुख्यालय व कापसाच्या व्यापाराचे केंद्र होते. मात्र हा संसार टिकला नाही. १९२१ च्या सुमारास पतीपासून विभक्त होऊन त्यांनी लहान मुलीसह स्वतंत्र आयुष्य सुरू केले. मोडक हे आडनाव त्यांनी पुढे कायम ठेवले.

भावनगर व मुंबई

राजकोट येथील बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य म्हणून त्यांनी काही काळ काम केले. तेथे त्या गुजराती शिकल्या. १९२३ मध्ये त्या भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्या सहकारी झाल्या. गिजुभाईंनी १९२० मध्ये तेथे बालमंदिर सुरू केले होते. इटालियन शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीला भारतीय रूप देण्याचा प्रयत्न दोघांनी केला. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. ताराबाईंनी 'शिक्षणपत्रिके'च्या मराठी आवृत्तीचे संपादन केले. १९३६ मध्ये दादर येथे शिशुविहार सुरू झाले.

बोर्डी व कोसबाड

शहरातील बालमंदिरांचा लाभ प्रामुख्याने सुस्थितीतील मुलांना मिळत होता. म्हणून १९४५ मध्ये ताराबाईंनी तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ येथेच त्यांच्या कार्यात सहभागी झाल्या. महागड्या साधनांऐवजी बिया, शंख, पाने, खडे व माती यांचा वापर केला गेला. मुले शाळेपर्यंत येत नसत, तेव्हा वस्तीतील अंगणातच वर्ग भरू लागला. आंघोळ, केस विंचरणे, नखे कापणे हीदेखील शिक्षणाचीच अंगे मानली गेली.

१९५७ मध्ये कार्याचे केंद्र जवळच्या कोसबाड टेकडीवर हलले. वारली मुलांची अनुपस्थिती ही शिकण्याची नावड नव्हती. मोठ्या भावंडांना धाकट्यांना सांभाळावे लागे, तर काहींना गुरे राखावी लागत. यावर उपाय म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणणारी 'विकासवाडी' आणि गुराख्यांसाठी कुरणशाळा हे प्रयोग झाले. मुलाच्या अडचणीनुसार शाळेने आपली वेळ व जागा बदलावी, हे या प्रयोगांचे सूत्र होते.

शिक्षणविचार व लेखन

हट्ट हा मुलाचा दोष नसून त्याच्या गरजेचे लक्षण असू शकते, तसेच भीती व मारहाण यांतून खरी शिस्त येत नाही, अशी त्यांची भूमिका होती. त्यामुळे मुलांबरोबरच पालक व शिक्षकांचे प्रबोधनही त्यांनी आवश्यक मानले. 'बालकांचा हट्ट', 'बालविकास व शिस्त', 'बिचारी बालके' आणि 'नदीची गोष्ट' ही त्यांची काही पुस्तके होत.

सन्मान व वारसा

भारत सरकारने १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले. त्यांच्या निधनानंतर कोसबाडचे कार्य अनुताई वाघ यांनी पुढे चालविले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेत पोषण, आरोग्य आणि पूर्वप्राथमिक शिक्षण एकत्र आणण्यात आले व तिच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव मिळाले. ज्या अमरावतीत ताराबाईंनी संसार मांडला होता, त्याच जिल्ह्यातील मेळघाटच्या कोरकू वस्त्यांमध्येही आज अंगणवाड्या चालतात.