एका काचेची अनेक चित्रे : राजा दीनदयाळ

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत धार आणि देवास येथे जाण्याचा योग आला. आपल्या बेळगाव भागात देवास म्हटले की सुळेभावीचे कुमार गंधर्व आठवतात. माझे जाणे मात्र संगीतासाठी नव्हते. पवारांच्या संस्थानांत चाकरीला गेलेल्या अनेक मराठी घराण्यांपैकी आमचे एक. धारला काका असतात, देवासला आत्या, आणि दोन्ही घरांत माझ्या पणजोबांचा फोटो आहे.

धारच्या फोटोत पणजोबा एकटेच, कमरेपर्यंत दिसतात. पगडी लालभडक, गाल गुलाबी. देवासच्या फोटोला रंग नाही. त्यात पणजोबा अवघडून खुर्चीवर बसले आहेत आणि मागे त्यांची थोरली बहीण उभी आहे, डोक्यावरून आलवण घेतलेली. लहानपणीच विधवा होऊन ती भावाच्या घरी आली आणि तिनेच पुढे सारा संसार ओढला, असे आत्या सांगते. धारच्या फोटोची मोबाइलवर घेतलेली नक्कल मी शेजारी धरली. पणजोबांची मान तशीच, कोटाची सुरकुती तीच. दोन्ही फोटो एकाच काचेचे! धारच्या फोटोत खुर्चीच्या पाठीवरची नक्षी म्हणून जे मी पाहिले होते ती तिची चार बोटे होती. रंगाऱ्याने ती तपकिरी करून लाकडात जमा केली होती.

धारहून देवासला जाताना इंदूर वाटेत लागते. एका काचेतून गिऱ्हाईक मागेल तसे चित्र काढून देण्याचा धंदा ज्यांनी या मुलखातून सुरू करून थेट निजामाच्या दरबारापर्यंत नेला, ते लाला दीनदयाळ या इंदूरचे. परत आल्यावर मी त्यांच्याविषयी मिळेल ते वाचून काढले. जाणकारांनी चूकभूल द्यावी घ्यावी.

त्यांचा जन्म १८४४ साली मीरतजवळच्या सरधना गावी, एका जैन कुटुंबात झाला. रुडकीच्या थॉमसन कॉलेजात शिकून ते १८६६ साली इंदूरला बांधकाम खात्यात लागले. काम नकाशे काढण्याचे आणि अंदाजपत्रके करण्याचे. (अंदाजपत्रक हा शब्द वाचून आम्हा वाणिज्यवाल्यांना आपलाच माणूस भेटल्यासारखे वाटते.) तिशीच्या सुमारास, १८७४ च्या आसपास, त्यांनी कॅमेरा हाती घेतला. गव्हर्नर जनरलचे एजंट सर हेन्री डेली आणि इंदूरचे महाराज दुसरे तुकोजीराव होळकर यांनी त्यांना आश्रय दिला. पुढचे एजंट सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर त्यांनी १८८२ च्या सुमारास मध्य हिंदुस्थानातील जुन्या वास्तूंचे फोटो घेतले. ते १८८६ साली ग्रंथरूपाने निघाले. धार संस्थानातल्या मांडूच्या इमारतीही त्यांच्या कॅमेऱ्याने टिपल्या. या वास्तूंच्या फोटोंत नकाशे काढणाऱ्याची नजर लगेच ओळखू येते. खांब सरळ, कमान पुरी, आणि इमारत केवढी आहे ते कळावे म्हणून कुठे तरी एखादा माणूस उभा केलेला. तिथे कापाकापी नाही.

दरबारी तसबिरींचे शास्त्र वेगळे. त्या काळी अंड्याचा पांढरा बलक लावलेल्या कागदावर काच ठेवून उन्हात छाप घेत. जेवढी काच तेवढाच छाप. मग गिऱ्हाइकाला नुसता चेहरा हवा असेल तर कात्री चालवायची, किंवा काचेवरच रंग फासून मागचे सारे झाकायचे. झाकलेल्या जागेतून ऊन जात नाही, तेवढा कागद पांढराच राहतो. सुरकुती घालवायची तर काचेवर टोकदार पेन्सिलीने हलके गिरवायचे, म्हणजे ती जागा छापात उजळते. रंगाची गोष्ट आणखी मजेची. त्या काळच्या काचेला निळा रंग फार दिसे आणि लाल जवळजवळ दिसतच नसे. आकाश पांढरे पडे, लाल पगडी काळी येई. वर रंग चढवायचा तो आठवणीने किंवा मर्जीने. दीनदयाळांच्या स्टुडिओत असे काम करणारी माणसे पगारावर होती आणि तिथून रंगवलेले फोटोही बाहेर पडत. काचांवर क्रमांक घालून त्या जपून ठेवत. धंद्याच्या दृष्टीने ही काच म्हणजे स्थिर भांडवलच. छाप कितीही विकले तरी ती शिल्लक राहतेच.

सरकारी नोकरी सोडून त्यांनी पूर्ण वेळ हाच व्यवसाय केला. १८८५ साली व्हाइसरॉय डफरिन यांनी त्यांची नेमणूक केली. सिकंदराबादला मोठा स्टुडिओ निघाला, १८९६ साली मुंबईलाही. पडदानशीन स्त्रियांसाठी त्यांनी १८९२ साली हैदराबादेत वेगळा स्टुडिओ काढला आणि तो एका इंग्रज बाईंच्या हाती दिला. सहावे निजाम महबूब अली खान यांनी १८९४ साली त्यांना राजा मुसव्विर जंग असा किताब दिला. १९०५ च्या जुलैत ते वारले. धंदा मुलांकडे राहिला, पण पूर्वीची बरकत टिकली नाही. उरलेल्या काचांपैकी २,८०० हून अधिक १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने विकत घेतल्या.

मांडूची एक कमानही न कापणारा हा माणूस दरबारी माणसांना मात्र हवे तसे सजवून देत होता, याचे मला प्रथम वाईट वाटले. नंतर वाटले, पैसे मोजणारा समोर बसला असता आपणही तेच केले असते. पण त्यांनी काच फोडली नाही, ती पुरी ठेवली. आमच्या पणजोबांचा फोटो कुणी काढला ते घरात कुणाला ठाऊक नाही, आणि काच कधीच गेली. आत्याकडचा तो एक छाप नसता तर ती बाई आमच्या घराण्यात होती याला पुरावाच नव्हता.

बाबांना घरात लावायला मोठी प्रत हवी आहे. काकांचे म्हणणे, धारचाच फोटो घ्यावा, तो उठावदार दिसतो. मी देवासचा फोटो मोबाइलवर घेतला आणि डाग काढले. त्याला पाच मिनिटेही लागली नाहीत. मग रंगाचा प्रश्न आला. फोटोत पगडी काळी आहे आणि आलवणही काळेच. आत्याला फोन करून विचारले. ते लाल होते, विधवांचे आलवण लालच असायचे. तेव्हा पगडीला दिला तोच लाल तिलाही दिला आणि चौकट कुठेही कापली नाही.

एक प्रत धारला पाठवली आहे. काकांचे अद्याप काही उत्तर नाही.