मुक्तिदिनामागचा संन्यासी

सतरा सप्टेंबरला मराठवाड्यात सर्वत्र ध्वजवंदन होते, हुतात्मा स्मारकांवर पुष्पचक्रे वाहिली जातात आणि दुपारपर्यंत गावे पुन्हा आपापल्या उद्योगाला लागतात. देश स्वतंत्र झाल्यावर तेरा महिने आणि दोन दिवस आपला प्रदेश पारतंत्र्यात का राहिला, हा प्रश्न नव्या पिढीला फारसा पडत नाही. त्याचे उत्तर ज्यांच्या चरित्रात सापडते ते स्वामी रामानंद तीर्थ होत.

व्यंकटेश भवानराव खेडगीकर हे त्यांचे पूर्वाश्रमीचे नाव. जन्म 3 ऑक्टोबर 1903 चा, कर्नाटकातला. शिक्षण सोलापूर व पुणे येथे झाले. असहकाराच्या हाकेने त्यांनी सरकारी शाळा सोडली आणि टिळक विद्यापीठातून पदव्युत्तर पदवी घेतली. कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखाली त्यांनी काही काळ काम केले. श्रमिकांच्या प्रश्नाची ही तोंडओळख पुढे त्यांच्या राजकारणाचा पाया ठरली. 1929 मध्ये ते हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आले व तेथील वास्तव्यातच त्यांनी संन्यास घेतला. पुढे अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत त्यांनी अध्यापन केले. भगवी वस्त्रे धारण करूनही ते हिमालयात गेले नाहीत. लोकांचे दुःख हेच त्यांनी आपले तपोवन मानले.

त्या काळी निजामाच्या राज्यात साधी सभा भरवायची तरी सरकारी परवानगी लागे. जमिनीचा मोठा हिस्सा जहागिरी आणि खुद्द निजामाच्या सर्फेखास मालकीखाली होता. वेठबिगारी रूढ होती. मराठी, तेलुगू व कन्नड भाषकांची मुले उर्दूतून उच्च शिक्षण घेत. 1938 मध्ये स्टेट काँग्रेस स्थापन होण्यापूर्वीच तिच्यावर बंदी आली. त्यावरील सत्याग्रहात व पुढील चळवळींत स्वामीजींनी वारंवार कारावास भोगला. 1946 मध्ये बंदी उठली आणि संघटनेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. 1947 साली निजामाने स्वतंत्र राहण्याचा मनोदय प्रकट केला, तेव्हा भारतात विलीनीकरणाच्या मागणीसाठी त्यांनी 7 ऑगस्टपासून लढा पुकारला. 15 ऑगस्टला तिरंगा फडकविल्यावर त्यांना अटक झाली. मध्यंतरी सुटका होऊनही जानेवारी 1948 मध्ये ते पुन्हा तुरुंगात गेले आणि पोलीस कारवाईनंतरच बाहेर आले.

ते गजाआड असता लढा थांबला नाही. सरहद्दीवरील शिबिरांतून तरुण झुंजत राहिले. आमच्या लोह्याच्या शेजारी, कंधार तालुक्यातील कल्हाळीच्या गढीत अप्पासाहेब नाईक व त्यांचे सहकारी धारातीर्थी पडले. रझाकारांचा सेनानी कासीम रझवी लातूरचा वकील, तर लढ्याचा नायक अंबाजोगाईचा शिक्षक. ही दोन गावे एकमेकांपासून दूर नाहीत. एकाच मातीत दोन्ही प्रवृत्ती वाढल्या, हे विसरून चालणार नाही.

म्हणूनच या लढ्याला धर्मयुद्धाचे रूप देणे हा इतिहासावर अन्याय आहे. 1938 च्या सत्याग्रहात सिराजुल हसन तिरमिझी होते. विलीनीकरणाचा पुरस्कार करणारा तरुण संपादक शोएबुल्ला खान याचा ऑगस्ट 1948 मध्ये हैदराबादेत खून झाला. उलट पोलीस कारवाईनंतर उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड या जिल्ह्यांत निरपराध मुसलमानांना मोठी किंमत मोजावी लागली, याची नोंद पंडित सुंदरलाल समितीने केली आहे. रझाकारांचे अत्याचार सांगणाऱ्याने हेही सांगितले पाहिजे. स्वामीजींचा लढा राजवटीशी होता, शेजाऱ्याशी नव्हता.

विजयानंतर त्यांनी मंत्रिपदाचा मोह धरला नाही. ते 1952 व 1957 मध्ये लोकसभेवर निवडून गेले. मात्र त्यांचा जीव रमला तो कूळकायदा, भूदान, खादी आणि शिक्षणात. नांदेडचे पीपल्स कॉलेज 1950 मध्ये निघाले, त्यामागे त्यांचेच नेतृत्व होते. हैदराबाद राज्य अखंड ठेवावे, असे वजनदार मत असतानाही भाषावार विभाजनाचा आग्रह त्यांनी सोडला नाही. 1956 साली ते राज्य विसर्जित झाले. ज्या राज्याच्या मुक्तीसाठी आयुष्य वेचले, ते मोडण्यातच लोकहित आहे हे ओळखायला संन्याशाचेच मन हवे. 22 जानेवारी 1972 रोजी हैदराबादेत त्यांचे निधन झाले.

आज हाच दिवस तीन राज्यांत निरनिराळ्या नावांनी पाळला जातो आणि नावावरून वाद होतात. स्वामीजींच्या लेखी मात्र राजकीय मुक्ती हा पूर्वार्ध होता. 1949 मध्ये जहागिऱ्या गेल्या, 1950 मध्ये कूळकायदा आला. परंतु पावसाच्या लहरीवर जगणारा कोरडवाहू शेतकरी आणि ऊसतोडीसाठी दरवर्षी गाव सोडणारा मजूर यांचा उत्तरार्ध अद्याप लिहावयाचा आहे. ध्वजाची दोरी हाती घेणाऱ्या प्रत्येकाने त्या दिवशी एवढा हिशेब तरी मांडावा.