ताटाचा नकाशा काढणारा माणूस

मेसमध्ये आज काय होतं? समजा, ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, तुरीचं वरण, बटाट्याच्या काचऱ्या आणि कोपऱ्यात शेंगदाण्याची चटणी. एकदम गावरान मेन्यू. आता यातलं ‘गावचं’ किती ते बघा. ज्वारी मूळची आफ्रिकेची. बटाटा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. शेंगदाणाही त्याच खंडातला आणि चटणीतली मिरची मेक्सिकोकडची. अगदी घरचं म्हणावं असं या ताटात उरतं ते तूर आणि वांगं.

आज हे मोबाइलवर दोन मिनिटांत कळतं. शंभर वर्षांपूर्वी कुठलं पीक कुठून आलं हे ठरवायचं, तर जुने ग्रंथ, भाषेतले शब्द आणि उत्खननात सापडलेले दाणे यांवर अंदाज बांधावे लागत. एका रशियन माणसानं ठरवलं, की आपण सरळ शेतात जाऊन बघायचं. एका देशातल्या नाही, पाच खंडांतल्या. त्याचं नाव निकोलाय वाविलोव्ह.

जन्म २५ नोव्हेंबर १८८७, मॉस्को. वडील खेड्यातल्या शेतकरी घरातून शहरात आलेले आणि कापडाच्या धंद्यात नाव काढलेले. पोरानं धंदा सांभाळावा म्हणून त्याला कॉमर्सच्या शाळेत घातलं. पोरगं मात्र तिथून बाहेर पडलं ते थेट मॉस्कोच्या शेतकी कॉलेजात. (घरच्यांना एक हवं असतं आणि पोराला दुसरंच, ही गोष्ट तिकडंही तशीच.) कॉलेजातला त्याचा प्रोजेक्ट कशावर होता? शेतातली पिकं फस्त करणाऱ्या शंख नसलेल्या गोगलगायींवर! फारसं ग्लॅमरस काम नाही ते. पण शेतकऱ्याचं नुकसान नेमकं कशामुळं होतं, हे वाकून, चिखलात हात घालून बघायची सवय तिथं लागली, ती शेवटपर्यंत सुटली नाही.

१९१३ मध्ये तो इंग्लंडला गेला आणि विल्यम बेटसनच्या संस्थेत शिकला. ‘जेनेटिक्स’ हा शब्द ज्यानं रूढ केला, तोच हा बेटसन. मेंडेलचे वाटाण्यावरचे प्रयोग १९०० मध्ये नव्यानं उजेडात आले होते आणि हे शास्त्र अगदी कोवळं होतं. पहिलं महायुद्ध पेटल्यावर वाविलोव्ह मायदेशी परतला. शाळेत असताना डोळ्याला इजा झाल्यामुळं सैन्यातून सुटका झाली होती. पण १९१६ मध्ये सैन्यानंच त्याला बोलावलं. उत्तर इराणमधले रशियन सैनिक भाकरी खाऊन गरगरून पडत होते. वाविलोव्हनं तिथलं पीठ आणि गहू तपासले. गव्हाच्या शेतात वाढणारं एक विषारी तण आणि बुरशी, असा दुहेरी घोळ निघाला. काम झालं, पण हा गडी परतला नाही. तसाच पुढं पामीरच्या डोंगरात शिरला. मधेच सीमेवर आपल्याच लोकांनी त्याला जर्मन हेर समजून अडकवून ठेवलं. कारण काय, तर तो डायरी इंग्रजीत लिहायचा! या प्रसंगावर तेव्हा हसता येत होतं.

पुढं तो सारातोव्ह या व्होल्गाकाठच्या शहरात प्राध्यापक झाला आणि तिथंच १९२० मध्ये त्यानं आपला गाजलेला सिद्धांत मांडला. थोडक्यात असा : जवळच्या नात्यातल्या वनस्पतींमध्ये बदलही समांतर होतात. गव्हात कुसळाचा आणि बिनकुसळाचा, लाल दाण्याचा आणि पांढऱ्या दाण्याचा, असे प्रकार असतील, तर गव्हाच्या भाऊबंदांमध्येही तसेच प्रकार असणार. एखादा अजून सापडला नसेल, तर शोधा. मेंडेलेव्हच्या तक्त्यात जशा न सापडलेल्या मूलद्रव्यांच्या जागा रिकाम्या होत्या, तसंच हे. हजारो वाणांच्या पसाऱ्यात पहिल्यांदा काही शिस्त दिसू लागली.

१९२१ मध्ये तो पेट्रोग्राडला (पुढचं लेनिनग्राड, आजचं सेंट पीटर्सबर्ग) वनस्पती संस्थेचा प्रमुख म्हणून आला. त्याच वर्षी व्होल्गाच्या खोऱ्यात भीषण दुष्काळ पडला. लाखो माणसं मेली. तो नुकताच सोडून आलेला सारातोव्ह त्याच पट्ट्यात होता. पिकं वारंवार का बुडतात? थंडी सोसणारे, रोगाला दाद न देणारे वाण कुठून आणायचे? त्याचं उत्तर होतं : जगात कुठं ना कुठं, कुणा शेतकऱ्याच्या वावरात, तो गुण असलेलं झाड उभं असणारच. ते नाहीसं व्हायच्या आत गाठायचं.

मग सुरू झाली भटकंती. १९२४ मध्ये तो अफगाणिस्तानात होता. जेमतेम तीन जणांची तुकडी, घोडे आणि सुमारे ५००० किलोमीटरची वाट. हिंदुकुशच्या घाटांतून, जिथं बाहेरचे लोक क्वचितच पोचत अशा नुरिस्तानातून तो गेला. परतताना बियाण्यांचे जवळजवळ ७००० नमुने सोबत होते.

या मुलखात त्याला उमगलेली एक गोष्ट मला त्याच्या सगळ्या सिद्धांतांपेक्षा जास्त आवडते. राय नावाचं धान्य आहे (आपली मोहरीची राई नव्हे, गव्हाची चुलतबहीण). युरोपात तिची काळी भाकरी खातात. इराण-अफगाणिस्तानात मात्र खालच्या शेतांत राय म्हणजे निव्वळ तण. गव्हात घुसून त्याला छळणारं. तिचं तिथलं नावच या अर्थाचं. वाविलोव्ह जसजसा डोंगर चढत गेला, तसतशी गव्हाच्या शेतात राय वाढत गेली. थंडीनं गहू माघार घेत होता आणि तण टिकून राहत होतं. आणखी वर शेतात निम्मा गहू, निम्मी राय. अगदी वर गेल्यावर नुसती राय, आणि शेतकरी निमूटपणे तीच कापून घरी नेत होता. म्हणजे या तणाला कुणी मुद्दाम पीक केलंच नाही. गव्हाचा पाठलाग करत ते थंड मुलखात पोचलं आणि तिथं मुख्य पीक होऊन बसलं. एका डोंगराच्या चढावर पिकाचा हजारो वर्षांचा इतिहास उभा होता. फक्त वाचणारा पाहिजे होता.

१९२६-२७ मध्ये त्यानं भूमध्य समुद्राभोवतालचे देश पालथे घातले, सीरियात मलेरियानं आडवा झाला आणि उठून इथिओपियाला गेला. पुढं चीन, जपान, कोरिया, मेक्सिको, पेरू, ब्राझील. १९२९ मध्ये अल्मा-अटाजवळ डोंगरउतारावर रानटी सफरचंदांचं जंगल पाहून त्यानं ओळखलं, की आपल्या सफरचंदाचं माहेर हेच. रात्री चार-पाच तास झोप आणि पहाटे पुन्हा कूच, अशी त्याची ख्याती होती. बरोबरच्यांचे काय हाल होत असतील!

या सगळ्यातून नकाशा तयार झाला. वाविलोव्हचं म्हणणं असं, की ज्या प्रदेशात एखाद्या पिकाचे सर्वात जास्त प्रकार सापडतात, तिथं त्याचा उगम असण्याची शक्यता सर्वात जास्त. आणि ही ठिकाणं जगभर सारखी विखुरलेली नाहीत. ती मोजक्या, बहुतेक डोंगराळ पट्ट्यांत गोळा झालेली आहेत. १९२६ मध्ये त्यानं अशी पाच केंद्रं मांडली, पुढं ती आठ झाली. त्यातलं एक भारताचं. भात, तूर, मूग, वांगं, काकडी, आंबा, तीळ, ऊस ही त्याची यादी. ज्वारी-बाजरीचा धागा त्यानं इथिओपियाकडं नेला. नंतरच्या शास्त्रज्ञांनी यात दुरुस्त्या केल्या. वैविध्य जास्त म्हणजे उगम तिथंच, असं प्रत्येक वेळी निघत नाही, हे आता माहीत आहे. पण वनस्पतिशास्त्राच्या वर्गात ‘सेंटर्स ऑफ ओरिजिन’ शिकताना आजही सुरुवात वाविलोव्हपासूनच होते.

१९४० पर्यंत लेनिनग्राडच्या संस्थेत सुमारे अडीच लाख नमुने जमले होते. त्या काळातला जगातला सर्वात मोठा बियाण्यांचा संग्रह.

आता दुसरा माणूस. त्रोफीम लिसेन्को. शेतकऱ्याचा मुलगा, फारसं उच्च शिक्षण नाही, पण चिवट. बी पेरण्यापूर्वी भिजवून थंडीत ठेवलं, की हिवाळी गहू वसंतात पेरता येतो, असं तो सांगत होता. हा परिणाम खोटा नाही, तो आधीही माहीत होता. पण लिसेन्को पुढं गेला. असं ‘शिकवलेलं’ बी पुढच्या पिढ्यांतही बदललेलं राहतं, जीन वगैरे सगळं थोतांड, असं तो म्हणू लागला. गंमत म्हणजे सुरुवातीला वाविलोव्हनंच त्याचं कौतुक केलं, त्याला संधी दिली. त्याला हा माणूस फक्त कच्चा संशोधक वाटला. इथं त्याचा अंदाज साफ चुकला.

सामूहिक शेतीच्या सक्तीनंतर १९३२-३३ मध्ये पुन्हा दुष्काळ आला, पुन्हा लाखो मेले. सरकारला कुणीतरी दोषी हवा होता आणि उत्तर ताबडतोब हवं होतं. नवा वाण तयार करायला दहा-बारा वर्षं लागतात, असं वाविलोव्ह सांगत होता. सरकारनं चार-पाच वर्षांत करा म्हणून फर्मान काढलं. लिसेन्को हो म्हणाला. १९३५ मध्ये क्रेमलिनमधल्या सभेत लिसेन्कोनं विरोधी शास्त्रज्ञांवर आग पाखडली आणि खुद्द स्टालिननं त्याला जाहीर शाबासकी दिली. त्याच वर्षी वाविलोव्हचं कृषी अकादमीचं अध्यक्षपद गेलं. १९३८ मध्ये त्या खुर्चीत लिसेन्को बसला. परदेश दौरे आधीच बंद झाले होते. १९३९ मध्ये एडिंबरोला जेनेटिक्सची जागतिक परिषद भरली, तिचा अध्यक्ष म्हणून वाविलोव्हची निवड झाली होती. त्याला जाऊ दिलं नाही.

सहकारी एकामागून एक अटकेत जात होते. वाविलोव्ह दहा-बारा वर्षांचा हिशेब काही बदलायला तयार नव्हता. बदलला असता तर वाचला असता का? मला शंका आहे. पण त्याच्यासारखे कित्येक जण त्या काळात बदलले, हेही खरं.

६ ऑगस्ट १९४० ला तो पश्चिम युक्रेनमध्ये, चेर्निव्ह्त्सीजवळच्या डोंगरात बियाणं गोळा करत होता. संध्याकाळी काळी मोटार आली आणि मॉस्कोहून तातडीचं बोलावणं आहे म्हणून घेऊन गेली. मागे राहिलेल्या त्याच्या पिशवीत सहकाऱ्यांना गव्हाच्या एका जुन्या, अर्धरानटी प्रकाराच्या ओंब्या सापडल्या. आपल्या खपली गव्हाच्या गोतातल्या. तेवढं त्याचं शेवटचं कलेक्शन.

आरोप होते इंग्लंडसाठी हेरगिरीचे आणि शेतीत घातपाताचे. चौकशीच्या चारशेच्या आसपास फेऱ्या झाल्या, त्यातल्या कित्येक रात्रभर चालणाऱ्या. ९ जुलै १९४१ ला काही मिनिटांच्या सुनावणीत मृत्युदंड. तोवर जर्मन फौजा रशियात घुसल्या होत्या. ऑक्टोबरमध्ये कैद्यांना मॉस्कोहून हलवलं. वाविलोव्हला नेलं ते सारातोव्हला. जिथं तो प्राध्यापक होता त्याच गावाच्या तुरुंगात.

इकडं लेनिनग्राडला सप्टेंबर १९४१ पासून वेढा पडला होता. शहरात लाखो माणसं उपाशी मेली. आणि सेंट आयझॅक चौकातल्या त्या इमारतीत तांदूळ, गहू, मका, वाटाणे भरलेले हजारो डबे होते. बटाट्याचे वाण तर शहराबाहेरच्या शेतातून तोफांच्या माऱ्यात खणून आणले होते. ते गोठू नयेत म्हणून लोक मिळेल ते लाकूड जाळत आळीपाळीनं पहारा देत होते. उंदीर डब्यांवर चढत, त्यांना हाकलत बसावं लागे. आपले संचालक जिवंत आहेत की नाहीत, हेही त्यांना माहीत नव्हतं. संस्थेतले एकामागून एक जण गेले. शेंगदाण्याचा संग्रह सांभाळणारे श्चुकिन टेबलाशीच गेले. भाताचे तज्ज्ञ इव्हानोव्ह उपासमारीनं मेले, तेव्हा त्यांच्या ताब्यात तांदळाच्या हजारो पुड्या होत्या. ओटच्या संग्रहावर काम करणाऱ्या रोदिना, त्याही गेल्या. बियाणं खाल्लं गेलं नाही.

वाविलोव्हची फाशी १९४२ मध्ये २० वर्षांच्या सक्तमजुरीत बदलली. त्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीनं त्याला परदेशी सदस्य म्हणून निवडलं, तो कुठं आहे याचा पत्ता नसताना. कोठडीत तो बरोबरच्या कैद्यांना लेक्चर देत असे. २६ जानेवारी १९४३ ला, वयाच्या ५५ व्या वर्षी, उपासमारीनं खंगून तो गेला. सामूहिक दफनात पुरला गेला.

त्याची पत्नी येलेना बारुलिना, स्वतः मसुरीची मोठी अभ्यासक, मुलाला घेऊन युद्धाच्या धामधुमीत सारातोव्हलाच येऊन राहिली होती. पोटाला चिमटा काढून ती नवऱ्यासाठी पार्सल पाठवायची, ती मॉस्कोच्या पत्त्यावर. तो त्याच गावात आहे, हे तिला कुणी सांगितलंच नाही.

१९५५ मध्ये सरकारनं त्याच्यावरचे आरोप मागे घेतले. बारुलिना तेव्हा आजारी होती, तरी त्याची हस्तलिखितं लावायला बसली. दोन वर्षांनी तीही गेली. मोहिमांवरच्या त्याच्या पुस्तकाची बरीच प्रकरणं अटकेनंतर गहाळ झाली. लघुलेखिकेनं जपून ठेवलेल्या कागदांतून जेवढं हाती आलं, तेवढं १९६२ मध्ये ‘पाच खंड’ या नावानं छापलं गेलं.