सुभेदार रामजी सकपाळ : पलटणीतले मास्तर, घरातले वडील

दर वर्षी 14 एप्रिलला आपल्या भोपाळवरून महूकडे जाणाऱ्या गाड्या भरभरून जातात. इंदूरच्या पुढे वीस-पंचवीस किलोमीटरवर असलेल्या या लष्करी छावणीत 1891 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला. जन्मस्थानी आज भव्य स्मारक उभे आहे. पण बाबासाहेब महूत का जन्मले, याचे उत्तर त्यांच्या वडिलांच्या नोकरीत आहे. त्या वडिलांविषयी, सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांच्याविषयी, या स्मरणिकेत चार शब्द लिहावेसे वाटले. मध्य प्रदेशातल्या मराठी माणसांना ते तसे आपल्याच भागातले.

सकपाळांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले आंबडवे. रामजींचे वडील मालोजी हेही फौजेत होते. पत्नी भीमाबाई मुरबाडकरांच्या घरातल्या. त्यांचे माहेरही फौजी. त्या काळी महार समाजातील माणसाला गावात शाळेचे दार बंद होते, पण पलटणीत मात्र शिपायांना आणि त्यांच्या मुलांना शिकणे सक्तीचे होते. रामजी तिथे शिकले, पुण्याला लष्कराच्या शाळेत मास्तर होण्याचे शिक्षण घेतले आणि पुढे लष्करी शाळेचे मुख्याध्यापक झाले. सुभेदार हा त्यांचा हुद्दा, पण हातात बंदुकीपेक्षा खडू अधिक काळ राहिला. मुलगा असो वा मुलगी, घरातल्या प्रत्येकाला लिहिता-वाचता आले पाहिजे, हा धडा त्यांनी पलटणीतूनच घरी आणला.

भीमराव हे त्यांचे चौदावे अपत्य. मुलगा दोन-तीन वर्षांचा असताना रामजी निवृत्त झाले आणि कुटुंब कोकणात दापोलीला गेले. पेन्शन तुटपुंजी, खाणारी तोंडे बरीच. म्हणून त्यांनी साताऱ्याला पुन्हा नोकरी धरली. तिथेच भीमाबाई वारल्या. भीमराव तेव्हा जेमतेम पाच-सहा वर्षांचे. पाठीला बाक असलेल्या आत्या मीराबाईंनी मुलांना सांभाळले. पुढे रामजींनी दुसरे लग्न केले, ते धाकट्या मुलाला रुचले नाही. घरोघरी असते तसे दुखणे या घरातही होते.

रामजी कबीरपंथी होते. मांस-मद्य वर्ज्य, पहाटे-सायंकाळी भजन, मुलांनी बसलेच पाहिजे असा दंडक. महात्मा फुल्यांविषयी त्यांना मोठा आदर. फौजेत महारांची भरती बंद झाली, तेव्हा त्याविरुद्ध सरकारकडे अर्ज करण्याच्या खटपटीत ते होते आणि त्यासाठी त्यांनी न्यायमूर्ती रानडे यांचे साहाय्य घेतले, असे चरित्रकार सांगतात. ज्या फौजेने शिकवले, तिचेच दार पुढच्या पिढीला बंद व्हावे, हे त्यांना किती लागले असेल! मग मुलांसाठी उरली एकच वाट, शाळेची. 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या सरकारी इंग्रजी शाळेत ‘भिवा’चे नाव दाखल झाले. आज महाराष्ट्रात तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात.

पुढच्याच वर्षीची गोष्ट. दुष्काळपीडितांना काम मिळावे म्हणून खटाव तालुक्यात गोरेगावला सरकारने तलाव खोदायला घेतला होता. रामजी तिथे रोखपाल होते. सुट्टीत त्यांनी मुलांना बोलावून घेतले. नवे कपडे घालून मुले मसूर स्टेशनवर उतरली, पण न्यायला कोणीच आले नाही. येत असल्याचे पत्र वेळेवर वडिलांच्या हाती पडलेच नव्हते. जात कळताच गाडीवान मिळेना. दुप्पट भाडे देऊन, बैल स्वतः हाकत, रात्रभर पाण्यावाचून मुलांनी प्रवास केला. दुसऱ्या दिवशी ती दारात उभी राहिली, तेव्हा वडील चकितच झाले. फौजेत मिळवलेला मान छावणीच्या फाटकाबाहेर आपल्या मुलांच्या उपयोगी पडत नाही, हे त्या घराला पुरते कळले.

नंतर बिऱ्हाड मुंबईला आले. परळला डबक चाळीत एकच खोली. तिथेच चूल, तिथेच जाते, तिथेच सगळ्यांची पथारी. भीमरावांना एल्फिन्स्टन हायस्कुलात घातले. दोघा मुलांचे शिक्षण झेपेना, तेव्हा थोरल्या आनंदरावांनी शाळा सोडून नोकरी धरली. खोलीत अभ्यासाला निवांतपणा मिळावा म्हणून रामजी भीमरावांना लवकर झोपवत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागत, मग मुलाला उठवून दिव्यापाशी बसवत आणि त्याच्या जागी स्वतः आडवे होत. पुस्तकाला पैसे नसले की ते लग्न झालेल्या मुलींकडे जात. त्यांच्याकडेही रोख नसले तर एखादा दागिना मागून आणत, सावकाराकडे गहाण टाकत आणि पेन्शन हाती आली की सोडवून परत देत. मुलीच्या दारात हात पसरणे बापाला सोपे नसते. एका मुलाच्या शिक्षणामागे असे सबंध घर उभे होते.

1907 साली भीमराव मॅट्रिक झाले. सत्कार झाला, केळुसकर गुरुजींनी आपले बुद्धचरित्र भेट दिले आणि त्यांच्याच शब्दावर सयाजीराव महाराजांकडून शिष्यवृत्ती मिळून कॉलेजचा मार्ग खुला झाला. बी.ए. झाल्यावर बडोद्याची नोकरी मुलाने पत्करू नये, असे रामजींना वाटत होते. मुलगा तरीही गेला. थोड्याच दिवसांत वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. परतताना वडिलांसाठी मिठाई घ्यायला भीमराव सुरत स्टेशनवर उतरले आणि गाडी चुकली. ते पोचले तेव्हा रामजींचा जीव जणू त्यांच्यासाठीच अडला होता. मुलाच्या पाठीवरून हात फिरवून त्यांनी प्राण सोडला. तो दिवस 2 फेब्रुवारी 1913.

त्याच वर्षी भीमराव न्यूयॉर्कला शिकायला गेले. हे पाहायला वडील नव्हते. पुढे 1923 साली रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. तो त्यांनी आई-वडिलांच्या स्मृतीस अर्पण केला आणि आपल्या शिक्षणासाठी दोघांनी सोसलेल्या कष्टांची नोंद तिथे केली. महूच्या स्मारकापुढे हात जोडताना, त्याच छावणीत फळ्यापुढे उभ्या राहिलेल्या सुभेदार मास्तरांचीही आपण आठवण ठेवावी.