५३-एन क्रमांकाची बाटली

परळची हाफकिन संस्था पोलिओच्या डोसामुळे सर्वांना ठाऊक आहे. ज्यांचे नाव तिला १९२५ मध्ये मिळाले ते वाल्डेमार हाफकिन मूळचे ओडेसाचे, जन्म १८६०. मुंबईत १८९६ मध्ये प्लेग शिरला. पुढे आपल्या सातारा जिल्ह्यालाही त्याचा मोठा तडाखा बसला. माणसे घरे सोडून रानात झोपड्या घालून राहिली. हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली.

ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल येथे १०७ जणांना ही लस दिली गेली. त्यांतले १९ जण धनुर्वाताने दगावले. एकोणीसही जणांची लस एकाच, ५३-एन क्रमांकाच्या बाटलीतली होती! बाटलीवर क्रमांक होता म्हणून एवढे तरी कळले. आमच्या ओपीडीत रुग्ण कात्रीने कापलेल्या चार गोळ्या आणतात. त्यावर ना नाव, ना बॅच नंबर. अंगावर पुरळ उठले तर शोध घ्यायचा कशाचा?

हाफकिन यांनी कार्बोलिक ॲसिड वगळून उष्णतेने निर्जंतुकीकरण सुरू केले होते. त्यामुळे ठपका त्यांच्यावर आला, बिनपगारी कामावरून दूर व्हावे लागले. वास्तविक त्या दिवशी बूच काढायचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी बाजू लावून धरल्यावर १९०७ मध्ये ते दोषमुक्त झाले. ते पुन्हा भारतात आले, पण मुंबईत नव्हे, कलकत्त्याला. १९३० मध्ये लोझान येथे ते वारले.