देशातली सर्वात मोठी दुर्बीण पुण्यात होती, आणि सगळा कारभार एका माणसाच्या जिवावर!

आज नाशिकच्या गच्चीवरून शनीची कडी बघायची असेल तर आठ इंची आरशाची दुर्बीण ऑनलाइन मागवता येते. १८८० च्या दशकात मात्र चांगली मोठी दुर्बीण हवी तर थेट डब्लिनच्या ग्रब कंपनीला ऑर्डर द्यावी लागे. ती देणाऱ्या माणसाचं नाव कावसजी दादाभाई नायगमवाला.

१८५७ साली पारशी कुटुंबात जन्मलेले कावसजी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले आणि पुढे तिथेच भौतिकशास्त्र शिकवू लागले. १८८२ मध्ये भावनगरचे महाराजा तख्तसिंहजी कॉलेजात आले आणि प्रयोगशाळेसाठी ५,००० रुपये देऊन गेले. मुंबई सरकारनं तेवढीच भर घातली. कावसजींनी हा पैसा वेधशाळेकडे वळवला आणि १८८४ मध्ये इंग्लंड गाठून दुर्बिणीची व्यवस्था केली.

त्यांनी भिंगाची दुर्बीण न घेता आरशाची घेतली. का? भिंगातून जाताना प्रत्येक रंगाचा प्रकाश वेगवेगळा वळतो, त्यामुळे ताऱ्याभोवती रंगीत कडा दिसते. दोन प्रकारच्या काचा जोडून ती कमी करता येते. पण मोठं भिंग म्हणजे आरपार निर्दोष, जाडजूड काच, आणि तिला आधार फक्त कडेचा. आरशाचा फक्त पृष्ठभाग बिनचूक लागतो आणि त्याला मागून आधार देता येतो. शिवाय काचेवर चांदीचा पातळ थर चढवण्याची युक्ती तेव्हा नवी होती. पूर्वीचे धातूचे आरसे काळे पडले की पुन्हा घासून आकार द्यावा लागे, इथे फक्त चांदी बदलायची. कॉलेजच्या बजेटमध्ये मोठी दुर्बीण बसली ती यामुळेच.

भिंगाचा तोच जुना प्रश्न आज नव्यानं सोडवला जातोय. युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२५ मध्ये सुमारे १० सेंमी व्यासाचं सपाट भिंग दाखवलं. त्याच्या पृष्ठभागावरच्या सूक्ष्म वर्तुळाकार खाचा सगळे रंग एकाच जागी आणायचा प्रयत्न करतात. हे स्वस्तात बनू लागलं तर हौशी निरीक्षकाची मोठी दुर्बीण पाठीवरच्या सॅकमध्ये मावेल. अजून ते दुकानात आलेलं नाही, एवढंच.

असो. कावसजींची बदली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये (आजचं सीओईपी) झाली आणि १८८८ मध्ये तिथे महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा सुरू झाली. तिथली २० इंची दुर्बीण पुढे कित्येक दशकं देशात सर्वात मोठी होती. कावसजींनी तिला वर्णपटमापक जोडून मृग नक्षत्रातला तेजोमेघ तपासला. त्याच्या प्रकाशातली मुख्य रेषा मॅग्नेशियममुळे येते, असं नॉर्मन लॉकयर यांचं मत होतं. लॉकयर म्हणजे त्या काळातलं जगभर गाजलेलं नाव. पुण्यातून कावसजींना ती रेषा बारीक आणि रेखीव दिसली, आणि लॉकयर यांचा दावा डळमळला.

२२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला हेच लॉकयर विजयदुर्गावर होते. (त्यांनी १८६८ मध्ये विजयदुर्गावरून हेलियम शोधला, हा फिरणारा मेसेज चुकीचा आहे. त्या वर्षी ते इंग्लंडमध्ये होते.) कावसजी मात्र सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला तळ ठोकून होते. शेजारीच अमेरिकेच्या लिक वेधशाळेची तुकडी. कावसजींनी तिथे ग्रहणाचे वर्णपट टिपले आणि पुढे त्यावर सविस्तर अहवाल छापला.

एवढं सगळं झालं, पण त्यांच्या मागे ही वेधशाळा चालवणारं कुणी तयार झालं नाही. सरकारलाही ती चालू ठेवण्यात रस नव्हता. १९१२ मध्ये कावसजी निवृत्त झाले आणि वेधशाळेला कुलूप लागलं. दुर्बीण कोडाईकनालला रवाना झाली. १९३८ मध्ये कावसजी गेले, तोवर ती तिथे उभीसुद्धा राहिली नव्हती. स्वातंत्र्यानंतर ती वापरात आली आणि पुढे थेट लेहला पोहोचली. आजही तिला भावनगर दुर्बीण म्हणतात.